एकाच लेकराला दोन दुर्मिळ जनुकीय आजार, माझंच काही चुकलं का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलाच्या रिपोर्टमध्ये एकदम दोन दुर्मिळ जनुकीय आजार निघाले, घरात सगळे 'कुणाकडून आलं' हेच बोलतायत, आणि गरोदरपणात माझंच काही चुकलं असेल का. माझी लेक आता ९ वर्षांची आहे. तिलाही दोन आहेत, अँजलमन सिंड्रोम (यात मेंदूची वाढ नीट होत नाही, बोलणं जवळपास येत नाही, फिट येतात) आणि अल्बिनिझम (यात अंगात रंगच कमी तयार होतो, केस-कातडी पांढरी आणि नजर अधू). तुमच्या मुलाच्या आजारांचं मला काही सांगता येणार नाही, पण या 'कुणाकडून' बद्दल नक्की सांगते, कारण त्या एका शब्दापायी आमची दोन वर्षं गेली.

लेक जन्मली तेव्हा तिच्या पापण्यांचे केससुद्धा पांढरे होते. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की डोळे एका जागी ठरत नाहीत, सारखे डावी-उजवीकडे हलतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अल्बिनिझम सांगितलं आणि मग पुढचं सगळं आम्ही त्याच्याच नावावर टाकत गेलो. मान उशिरा धरली, नीट दिसत नाही ना. बसायला वर्ष उलटून गेलं, दिसत नाही ना. एकही शब्द नाही, येईल हळूहळू. दीड वर्षाची असताना तापात फिट आली, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढला, आणि तो बघून मेंदूच्या डॉक्टरांना वेगळीच शंका आली म्हणून जनुकीय टेस्ट झाल्या. म्हणजे पहिलं नाव मिळाल्यावर आमचा शोध थांबला होता, आणि दुसरं नाव तिथेच उभं होतं. दोन आजार एकत्र असणं वाटतं तितकं अशक्यही नाही, २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकीय टेस्टने निदान झालेल्यांपैकी जवळपास ५ टक्के लोकांत एकाहून जास्त आजार सापडले होते.

आमच्या केसमध्ये दोन्हीचं मूळ एकाच ठिकाणी निघालं. १५ नंबरच्या गुणसूत्राची जी कॉपी तिला माझ्याकडून मिळाली त्यातला एक तुकडाच गायब आहे, डीएनएच्या ५०-६० लाख अक्षरांचा. त्या तुकड्यात यूबीई३ए नावाचं जनुक असतं. मेंदूच्या पेशींमध्ये त्याची फक्त आईकडची कॉपी काम करते, वडिलांकडची असते पण झोपवून ठेवलेली असते. आईकडची गेली की झाला अँजलमन. आणि त्याच तुकड्यात रंगाचं एक जनुक असतं, ओसीए२. ते माझ्याकडचं गेलं तरी एरवी वडिलांकडचं भागवून नेतं, पण नवऱ्याकडून आलेल्या कॉपीत नेमका दोष होता. माझी कॉपी असती तर तो कधी कुणाला कळलाही नसता.

हे कागदावर आलं त्या दिवशी घरात जणू हिशोबच मांडला गेला. अँजलमन हिचं, अल्बिनिझम त्याचं. रिपोर्टमध्ये 'मातृक' असा एक शब्द होता, त्या शब्दावर बोट ठेवून मी किती रात्री बसलेय ते माझं मला माहीत. कोणती गोळी घेतली, कधी पडले, कधी उपाशी राहिले, नऊ महिन्यांचा एकेक दिवस काढून बघितला.

मग जेनेटिक काउन्सेलरने, म्हणजे असे रिपोर्ट घरच्यांना समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाने, एक गोष्ट सांगितली आणि माझ्यापुरता तो शोध तिथेच संपला. बाईची स्त्रीबीजं तयार व्हायला लागतात ती तिच्या स्वतःच्या जन्माआधी, ती आईच्या पोटात असताना. गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात तीही तेव्हाच. १५ नंबरवर या भागाच्या दोन्ही बाजूंना एकसारखा मजकूर आहे, त्यामुळे जोडी लागताना चुकून सरकते आणि मधला तुकडा गळतो. म्हणजे माझ्या लेकीचा तुकडा हरवला तेव्हा मी जन्मलेच नव्हते! मी कुणाची चूक काढणार होते, आणि लोक तरी कुणाची काढणार होते? माझं रक्त तपासलं तर माझी दोन्ही गुणसूत्रं पूर्ण निघाली. जनुकीय म्हटलं की लोक घराण्यातून आलेलं असंच धरून चालतात, पण कितीतरी वेळा ते त्या मुलापासूनच सुरू झालेलं असतं.

आणि नवऱ्याचं सांगते, त्याला तर अजूनच खायचं ते, कारण त्याचा दोष खरंच त्याच्याकडून आलेला. पण ज्या गुणसूत्रावर तो दोष आहे त्याच गुणसूत्रावर यूबीई३एची शाबूत कॉपी पण आहे, त्याचीच, लेकीच्या मेंदूतल्या पेशीपेशीत झोपलेली. २०११ साली संशोधकांनी उंदरांमध्ये ही झोपलेली कॉपी औषधाने जागी करून दाखवली, आणि २०२० पासून माणसांवरही अशा औषधांच्या चाचण्या सुरू झाल्यात. मूळ आजार घालवणारं औषध अजून नाही, खोटी आशा मी कुणाला देणार नाही. पण हे ऐकलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, म्हणजे माझ्याकडून चांगलं पण काहीतरी गेलंय तिच्यात.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच, की रिपोर्ट घेऊन दोघंही काउन्सेलरकडे जा, एकट्या जाऊ नका, नाहीतर घरी येऊन सगळं तुम्हालाच समजावत बसावं लागतं. दोन्ही आजारांचं मूळ एक आहे की वेगवेगळं ते विचारा. पुढच्या बाळाचा विचार असेल तर नेमकं कारण कोणतं यावर सगळं अवलंबून असतं. अँजलमनचंच बघा, आमच्यासारखा तुकडा गळाला असेल तर परत होण्याची शक्यता १ टक्क्याच्याही आत, आणि आईच्या जनुकात बदल असेल तर ५० टक्के. आजाराचं नाव एकच, उत्तर किती वेगळं. आणि 'हे त्यामुळेच असेल' असं कुणी म्हटलं, अगदी डॉक्टरांनी म्हटलं तरी, दुसरं काही असू शकेल का हे एकदा विचाराच.

लेकीचं म्हणाल तर बोलत ती नाहीच, बहुतेक बोलणारही नाही. चित्रांचा बोर्ड वापरते. चित्रं मोठी आणि ठळक लागतात, कारण नजर अधू, हे आम्हाला वर्षभराने सुचलं कारण बोर्डवाल्यांना डोळ्यांचं माहीत नव्हतं आणि डोळेवाल्यांना बोर्डाचं (दोन आजारांत हे कायम होतं, मधला निरोप्या आपणच). पाण्याचं तिला वेड आहे. परवा बादलीत हात घालून बसली होती, मी नळ बंद केला तर ओल्या हाताने माझं मनगट धरलं, बोर्डाकडे ओढत नेलं, नाक जवळजवळ टेकवून चित्र शोधलं आणि 'अजून' वर बोट दाबलं. दोनदा.

झोप मात्र तिला कमी, अँजलमनच्या बऱ्याच मुलांना असते. रात्री तीनला उठून हसत बसते, त्यामुळे मीही जागीच असते. तुम्हालाही तेव्हा झोप लागत नसेल तर इथे लिहा, मी वाचेन.