ग्रेटा व्हॅन फ्लीटसारखे जुन्या साउंडचे अजून कोणते नवे रॉक बँड आहेत? आणि ते बघायला परदेशातल्या समर फेस्टिव्हललाच जावं लागतं का?

तू प्रश्नाखाली लिहिलंयस की वय एकोणीस, राहायला डोंबिवली, बाबांच्या कॅसेटींवर डीप पर्पल आणि लेड झेपेलिन ऐकत वाढलास, आता ग्रेटा व्हॅन फ्लीट डोक्यात बसलाय पण कॉलेजातले मित्र "कॉपी आहे रे ती" म्हणून उडवून लावतात. मी वयाने बराच मोठा आहे म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

कॉपीचं आधी संपवू. मित्र खोटं बोलत नाहीयेत. ग्रेटा व्हॅन फ्लीट म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या फ्रँकनमुथ नावाच्या छोट्या गावातले तीन किझ्का भाऊ आणि त्यांचा ड्रमर मित्र, आणि त्यातल्या जॉशने वरचा सूर लावला की बाबा दुसऱ्या खोलीतून विचारणारच की झेपेलिनचा गायक प्लांट लावलाय का. खुद्द रॉबर्ट प्लांटने २०१८ मध्ये म्हणून ठेवलंय की हे म्हणजे लेड झेपेलिन वन (झेपेलिनचा पहिला अल्बम) आहेत. त्याच वर्षी पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने त्यांच्या नव्या अल्बमला दहापैकी १.६ मार्क देऊन पार सोलून काढलं आणि काही महिन्यांत, २०१९ ला, त्यांच्या आधीच्या फ्रॉम द फायर्सला बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आता बोल. आणि झेपेलिन तरी कुठे आकाशातून पडले होते, विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या गाण्यावरून उचललं म्हणून त्यांच्यावर १९८५ ला केस झाली आणि १९८७ ला कोर्टाबाहेर मिटवावी लागली. त्यामुळे "उचललंय का" हा प्रश्न मी विचारतच नाही, सगळ्यांनीच उचललंय, मी बघतो की उसना माल किती दुकानांतून आणलाय. एकाच दुकानातून आणला असेल तर तीन गाणी मजा येते आणि चौथ्याला वाटतं घरी जाऊन मूळ बँडच लावावा. ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या सुरुवातीच्या गाण्यांना माझ्याकडून हाच शेरा आहे, पण २०२३ चा स्टारकॅचर ऐक, तिथे ते जरा मोकळे झालेत.

तो अल्बम डेव्ह कॉब नावाच्या नॅशव्हिलच्या प्रोड्युसरने केलाय आणि तुझ्यासाठी पहिली लिंक हाच माणूस आहे, कारण रायव्हल सन्स या लाँग बीचच्या बँडचे अल्बमही यानेच केलेत. रायव्हल सन्स तू ऐकला नसशील तर आजच लाव. ब्लॅक सॅबथ हा जुना ब्रिटिश हेवी मेटल बँड, ते शेवटच्या टूरला निघाले तेव्हा ओपनिंगला यांना घेऊन फिरले होते, त्याच्यावर अजून काय सर्टिफिकेट हवंय. जे ब्युकॅननचा आवाज प्लांटच्या घराण्यातला वाटतो खरा, पण त्यात सोल आहे, चर्चमधलं गॉस्पेल आहे, गिटारवर स्कॉट हॉलिडेचा फझ, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, एकदम घाण (चांगल्या अर्थाने), म्हणजे माल तीन-चार दुकानांतला.

आता हा जुना साउंड नक्की येतो कुठून, म्हणजे नवीन बँड जुने कसे वाटतात. लोकांना वाटतं जुने ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि जुनी गिटार घेतली की झालं. ॲम्पचा वाटा आहेच, व्हॉल्व्हवाला ॲम्प जोरात चालवला की आवाज फाटतो पण गोड फाटतो, टेपवर जास्त लेव्हलने रेकॉर्ड केलं की कडा घासल्यासारख्या होतात, हे सगळं बरोबर. पण खरा फरक खोलीचा आणि एकत्र वाजवण्याचा. हल्ली बरेचदा ड्रम वेगळे, बेस वेगळा, गिटार वेगळी, सगळं क्लिक ट्रॅकवर (कानातल्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवून कॉम्प्युटरवर सरळ रेषेत बसवतात. सत्तरच्या आसपास चौघं एका खोलीत उभे राहून वाजवायचे, ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये घुसायचा, टेम्पो कोरसला थोडा पळायचा, आणि ते तसंच ठेवायचे. झेपेलिनच्या व्हेन द लेव्ही ब्रेक्स गाण्यातले ते प्रचंड ड्रम आठव, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याखालच्या हॉलमध्ये किट मांडलं आणि साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन माइक टांगले, बस, एवढंच. ब्लॅक कीज हे दोघंच, अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये ड्रमरच्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करून सुरुवात केली, पुढे २०१० चा ब्रदर्स हा अल्बम बराचसा अलाबामातल्या मसल शोल्सच्या जुन्या स्टुडिओत जाऊन केला. आणि माझी ही सगळी थिअरी मोडणारा माणूस म्हणजे पर्थचा केव्हिन पार्कर, टेम इम्पाला या नावाने गाणी काढणारा, हा पठ्ठ्या जवळपास सगळी वाद्यं स्वतः एकटाच वाजवून रेकॉर्ड करतो आणि तरी त्याचा लोनरिझम अल्बम ऐकताना १९६८ मधल्या कुठल्यातरी रंगीत धुरात बसल्यासारखं वाटतं. त्यामुळे थिअरीला फार चिकटून राहू नको.

अजून नावं हवीत ना. जड आवडत असेल तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा ग्रेव्हयार्ड आणि बर्लिनचा काडावार, दोघंही सॅबथच्या गल्लीतले. किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड हे मेलबर्नचे वेडे लोक, २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातल्या एकासाठी गिटारला जादा पडदे बसवून घेतले म्हणजे दोन सुरांच्या मधले सूर वाजवता येतील (आपल्याकडे हार्मोनियमवरून श्रुतींची भांडणं वर्षानुवर्षं चाललीयत, हे लोक सरळ सुतारकाम करून मोकळे झाले), आणि दुसरा एक अल्बम फुकट देऊन टाकला, ज्याला रेकॉर्ड छापून विकायची त्याने विका म्हणून. ख्रुआंगबिन ह्यूस्टनचे तिघं, साठ-सत्तरच्या थायलंडमधलं फंक ऐकून त्यांनी आपला साउंड बनवला, रेकॉर्डिंग टेक्ससमधल्या शेतावरच्या एका कोठारात. शांत आहे, गाणं म्हणणं जवळपास नाहीच, रात्री शेवटच्या लोकलमध्ये कानात लावून बघ. रॉक शोधत असशील तर पहिल्यांदा वाटेल हे काय पुचाट, थोडं थांब.

आणि देशी बँड विसरू नको बाबा. सिक्कीमचा गिरीश अँड द क्रॉनिकल्स, गिरीश प्रधानचा आवाज ऐकल्यावर डीप पर्पलवाल्या बाबांना पण खुर्चीतून उठून बसायला लागेल. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग को., तो वेगळ्या जुन्या काळात राहतो, जॅझ, लग्नातला बँड, जुना हिंदी सिनेमा सगळं एकत्र. मुंबईचा ब्लॅकस्ट्रॅटब्लूज म्हणजे वॉरन मेंडोन्साची गिटार, गायक नाही, आणि गरजही वाटत नाही.

फेस्टिव्हलबद्दल. तिकडचे समर फेस्टिव्हल समरमध्ये होतात कारण त्यांच्याकडे तेवढाच काळ माणूस शेतात तंबू ठोकून राहू शकतो, आणि जूनमध्ये इंग्लंडात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वुडस्टॉक १९६९ चा ऑगस्ट, मॅक्स यास्गरच्या डेअरी फार्मवर. ग्लास्टनबरी १९७० ला सुरू झालं तेही मायकल ईव्हिसच्या डेअरी फार्मवरच, तिकीट एक पाउंड आणि सोबत दूध फुकट! आपला समर म्हणजे एप्रिल-मे, तेव्हा मैदानात उभं राहून बघ, बँडच्या आधी तूच आउट. जूनला पाऊस सुरू, तो सप्टेंबरपर्यंत. म्हणून आपला सीझन नोव्हेंबर ते फार तर मार्चची सुरुवात. २०२५ ला मुंबईतलं लोलापलूझा फेस्टिव्हल मार्चमध्ये ठेवलं होतं, ग्रीन डे होते, दुपारच्या स्लॉटला लोक सावलीचा तुकडा दिसेल तिकडे गर्दी करून उभे.

आता तुझा मुख्य प्रश्न की बाहेरच जावं लागतं का, तर नाही रे. लोलापलूझा २०२३ ला पहिल्यांदा महालक्ष्मी रेसकोर्सवर आलं तेव्हा लाइनअपमध्ये तुझे ग्रेटा व्हॅन फ्लीटच होते, स्ट्रोक्स होते, २०२४ ला रॉयल ब्लड आणि बहात्तर वर्षांचा स्टिंग. रॉयल ब्लडचं उदाहरण मुद्दाम देतोय. दोन माणसं, बेस आणि ड्रम, गिटार नाहीच, माइक केर बेसचा सिग्नल फोडून बेस ॲम्पबरोबर गिटार ॲम्पमध्येही पाठवतो आणि पूर्ण रेसकोर्स भरून टाकतो. फेस्टिव्हलला दोन बँडच्या मध्ये वेळ कमी असतो, नीट साउंडचेक बहुतेकांना मिळत नाही, वायरी चालतायत का एवढं बघतात आणि सुरू. ज्यांचा साउंड हातात आणि ॲम्पमध्ये आहे ते दुसऱ्या गाण्यापर्यंत जमून येतात, ज्यांचं अर्धं गाणं लॅपटॉपवरून येतं ते अडकले की अडकले. म्हणूनच मी म्हणतो की कॉपी की ओरिजिनल हा निकाल हेडफोनवर लावू नको, हे संगीत मैदानासाठी बनलंय, तिथे तासभर उभं राहून ऐक, एकाच दुकानाचा माल असेल तर तिथे लगेच कळतं, लोक फोन काढून चॅट करायला लागतात.

महालक्ष्मीला जाताना काही गोष्टी. गेट उघडल्या उघडल्या आत जा कारण दुपारी देशी बँड असतात आणि स्टेजसमोर जागाही असते. हेडलाइनरला पुढच्या बॅरिकेडला चिकटायचा मोह आवर, मिक्सिंग कन्सोलचा तंबू असतो ना, त्याच्या जरा पुढे उभा राहा, साउंड इंजिनिअर त्याच जागेवरून मिक्स करतो त्यामुळे तिथे सगळ्यात बरं ऐकू येतं. इअरप्लग घे, हसू नको, माझा एक कान अजून शिट्टी वाजवतो. आत सगळं रिस्टबँडवर पैसे भरून, कॅश चालत नाही. आणि आपल्याकडे उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यामुळे शो दहाला संपतो म्हणजे संपतो. तुझ्यासाठी तर चांगलंच की, स्लो पकडून दादर, ब्रिज ओलांडून सेंट्रलला, डोंबिवली आरामात.

एवढे पैसे नसतील तर फेब्रुवारीत बांद्र्याला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होतं, २०११ पासून. ब्लूज गिटारिस्ट बडी गाय तिथे अनेकदा वाजवून गेलाय, १९३६ चा जन्म आहे त्याचा, हेंड्रिक्स आणि झेपेलिनचा गिटारिस्ट जिमी पेज ज्या दुकानातून माल न्यायचे ते दुकान म्हणजे हा माणूस. आणि इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आय-रॉक फेस्टिव्हल, १९८६ ला मुंबईत सुरू झालेलं. धोबी तलावला झेवियर्सच्या शेजारी रंगभवनमध्ये व्हायचं, आजूबाजूला कामा आणि जीटी हॉस्पिटल, शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनचे रॉक शो बंद झाले आणि आमच्या पिढीचं हक्काचं मैदान गेलं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. मध्ये बरीच वर्षं आय-रॉकही थांबलं होतं, नोव्हेंबर २०२२ ला माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर परत आलं. बाबांना हे विचार, त्यांच्याकडे गोष्टी असतील. आणि त्यांना हेही सांग की पेज आणि प्लांट १९७२ ला मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत जाऊन वाजवलं पण. ती रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

तरी एकदा बाहेर जायचंच असेल तर पहिल्या फटक्यात ग्लास्टनबरी नको. आधी फोटोसकट रजिस्ट्रेशन करून ठेवावं लागतं, तिकिटं निघाली की बघता बघता संपतात, आणि अधूनमधून शेताला विश्रांती म्हणून एक वर्ष बंद ठेवतात, २०२६ तसंच. चिखलाचं तुला काय सांगायचं, डोंबिवलीकर आहेस. मी म्हणेन शहरातला फेस्टिव्हल निवड, जिथे तंबू लागत नाही. बार्सिलोनाचा प्रिमावेरा साउंड मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला असतो, एकदम समुद्राकाठी, हॉस्टेलमध्ये राहायचं आणि मेट्रोने जायचं. फक्त दुपारी झोप काढून जा, तिकडे हेडलाइनर मध्यरात्रीच्या आसपास स्टेजवर येतात आणि त्यानंतरही पहाटेपर्यंत बँड चालू असतात. शनिवारी मेट्रो रात्रभर असते, बाकीच्या रात्री नाइट बस. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र तीन-चार महिने आधीच बघायला लाग, उन्हाळ्याच्या सुट्टीवाल्यांची तेव्हा तिथे तुफान गर्दी असते.