वाचकांचे प्रश्न : घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी बदलता येणारी पॅनेल

प्रश्न : सुताराच्या मदतीने मी घरी दोन जणांसाठी आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमसारखे उभे यंत्र, तयार केले आहे. आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असून त्यावर जुने आर्केड खेळ चालवणारे ‘मेम’ हे सॉफ्टवेअर चालते. पॅनेलवर दोन जॉयस्टिक आणि प्रत्येकी सहा बटणे आहेत. ‘स्ट्रीट फायटर’ उत्तम खेळता येतो. मात्र ‘पॅकमॅन’ वळणावर अडकतो आणि ‘मिसाइल कमांड’ तर जॉयस्टिकवर खेळवतच नाही. आहे त्याच पॅनेलवर ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा चेंडू) आणि आणखी एक जॉयस्टिक बसवावी की काढता-घालता येतील अशी वेगवेगळी पॅनेल करावीत? वेगळी केल्यास वायरिंग कसे करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आर्केडचा प्रत्येक खेळ एका ठरावीक साधनासाठी रचला गेला होता. 1980 च्या ‘पॅकमॅन’ला चार दिशांची एक जॉयस्टिक पुरत असे; खेळताना दाबायचे एकही बटण त्याला नव्हते. त्याच वर्षी आलेला अटारीचा ‘मिसाइल कमांड’ आणि पुढच्या वर्षीचा ‘सेंटिपीड’ हे ट्रॅकबॉलचे खेळ, तर 1981 चा ‘टेम्पेस्ट’ फिरत्या नॉबचा. 1982 च्या ‘रोबोट्रॉन’ला दोन जॉयस्टिक लागत, एकीने चालायचे आणि दुसरीने गोळ्या झाडायच्या. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर 2’ने तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणे रूढ केली. ही सगळी साधने एकाच फळीवर दाटीने बसवली, तर ट्रॅकबॉल जोरात फिरवताना तळहात शेजारच्या बटणांवर आदळतो, मनगटाला टेकायला जागा उरत नाही आणि दुसऱ्या खेळाडूला अंग चोरून उभे राहावे लागते. त्यामुळे वेगळी पॅनेल करावीत, असेच माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ‘पॅकमॅन’साठी नवे पॅनेल करण्याची घाई करू नये. आठ दिशांची जॉयस्टिक तिरकी गेली की तिचे दोन मायक्रोस्विच (प्रत्येक दिशेचा एक छोटा स्विच) एकदम दाबले जातात आणि ‘वर’ व ‘उजवीकडे’ हे दोन्ही संदेश एकाच वेळी पोहोचतात. ‘पॅकमॅन’ला एका वेळी एकच दिशा कळते, म्हणून तो वळणावर अडकतो. सानवा कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकच्या तळाशी दांड्याची हालचाल मर्यादित करणारी चौकोनी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती काढून 45 अंश फिरवून बसवली की तिरकी वाट बंद होते आणि तीच जॉयस्टिक चार दिशांची होते. आपल्याकडे दुसऱ्या बनावटीची जॉयस्टिक असेल, तरी तळाशी अशी सोय आहे का, हे आधी पाहावे. काढता येणाऱ्या पॅनेलचा एक फायदा इथेच दिसून येतो : ते उलटे करून मांडीवर घेतले की हे काम सहज होते, एरवी त्यासाठी कॅबिनेटमध्ये डोके घालून बसावे लागते.

पॅनेल किती करावीत, हे घरात प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या खेळांवरून ठरवावे. बहुतेक घरांना तीन पुरतात : दोन जणांचे सहा-सहा बटणांचे, मधोमध ट्रॅकबॉल व त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणे असलेले, आणि मध्यभागी चार दिशांची एकच जॉयस्टिक व एक-दोन बटणे असलेले जुन्या खेळांचे. स्टिअरिंगचे पॅनेल करण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण त्याला पायातले पेडल लागते, मजबुती अधिक लागते आणि ते वापरले सर्वांत कमी जाते.

खरे कौशल्य पॅनेलमध्ये नसून ते ज्या चौकटीत बसते त्या बैठकीत आहे. बैठक एकदा नीट जमली की पुढचे प्रत्येक पॅनेल सोपे होते. ती ढिली राहिली, तर महागातली महाग जॉयस्टिकही हातात डुगडुगते. पॅनेलची मागची कड स्क्रीनखाली ठोकलेल्या आडव्या पट्टीच्या खोबणीत सरकवावी, पुढची कड चौकटीच्या फळीवर खाली टेकवावी आणि लोखंडी पेटीला असते तशा खेचून बसणाऱ्या दोन कड्यांनी ती समोरून, खालच्या अंगाला घट्ट करावी. पॅनेल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चौकटीवर जाड खिळ्याएवढ्या दोन खुंट्या आणि पॅनेलच्या पोटात त्यांना जुळणारी दोन छिद्रे ठेवावीत. काही जण नुसत्या चुंबकांवर भागवतात, ते मला मान्य नाही. मुले खेळाच्या भरात पॅनेलवर अंगाचा सगळा भार टाकतात, ट्रॅकबॉलला तर अक्षरशः थापा बसतात, आणि चुंबक वर उचलायला जड असला तरी आडव्या धक्क्याने सहज घसरतो.

सुताराकडून सर्वांत आधी 6 मिमी हार्डबोर्डचा एक फर्मा करून घ्यावा. पॅनेलचा बाह्य आकार, खुंट्यांची छिद्रे आणि कड्यांच्या जागा त्यावरच आखाव्यात आणि प्रत्येक पॅनेल त्या फर्म्यावरूनच कापावे. आधीचे पॅनेल समोर ठेवून पुढचे आखले, की प्रत्येक वेळी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि तिसरे पॅनेल खुंट्यांवर बसतच नाही. चौकटीची खोली ठरवताना ट्रॅकबॉल हाताशी असावा. आर्केडमधला मोठा बॉल 3 इंची, म्हणजे सुमारे 76 मिमी व्यासाचा असतो. त्याचा बहुतांश भाग आणि रूळ-सेन्सरचा डबा पॅनेलच्या खाली राहतो. चौकट जॉयस्टिकच्या मापाने उथळ केली, तर पुढे ट्रॅकबॉलचे पॅनेल तिच्यात उतरणार नाही.

आता वायरिंग. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत बटणांचे संदेश संगणकाला समजावणारा एन्कोडर कॅबिनेटमध्ये कायम राहतो आणि प्रत्येक पॅनेल एका बहुपिनी जोडाने त्याला जोडले जाते. हिशेब असा की एका खेळाडूच्या चार दिशा, सहा बटणे, खेळ सुरू करण्याचे स्टार्ट आणि नाण्याऐवजी दाबायचे कॉइन ही बटणे मिळून 12 वायरी होतात. दोघांच्या 24 आणि सामाईक ग्राउंडची एक, अशा एकूण 25. संगणकाच्या जुन्या प्रिंटर पोर्टचा 25 पिनी जोड इथे नेमका पुरतो. नेमका पुरतो म्हणजेच एकही पिन शिल्लक राहत नाही. दिव्याची बटणे हवी असतील तर 37 पिनी जोड घ्यावा. भंगारातील तयार प्रिंटर केबल आणण्याचा विचार असल्यास आधी मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन तपासावी, कारण प्रिंटर पोर्टमध्ये 18 ते 25 या पिना ग्राउंडच्या असल्याने काही केबलमध्ये त्या आतून एकत्र जोडलेल्या असतात आणि मग एक बटण दाबले की दुसरीही दाबली जातात.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पॅनेलवर स्वतःचा एन्कोडर असतो आणि बाहेर फक्त एक यूएसबी केबल येते. आपल्यासाठी मी हीच सुचवतो. एन्कोडरचा खर्च पॅनेलगणिक वाढतो हे खरे. पण ट्रॅकबॉल संगणकाला माउस म्हणूनच दिसतो, त्यामुळे त्याला यूएसबी तसाही लागणारच. त्या पॅनेलच्या पोटात छोटा यूएसबी हब बसवला, तर ट्रॅकबॉल आणि बटणे दोन्ही एकाच केबलवर येतात. केबल पॅनेलच्या आत पट्ट्याने आवळून घ्यावी, म्हणजे ओढ बसली तरी ती सोल्डरिंगपर्यंत पोहोचणार नाही. मेममधून पूर्ण बाहेर येऊनच पॅनेल बदलावे आणि मग खेळ पुन्हा सुरू करावा.

बटणाच्या मायक्रोस्विचला तीन टोके असतील, तर ‘कॉमन’ला ग्राउंड आणि ‘नॉर्मली ओपन’ला एन्कोडरची वायर जोडावी, तिसऱ्या टोकाला चुकून जोडल्यास ते बटण सतत दाबलेलेच दिसेल. सोल्डर करण्याऐवजी चपटे लग (टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) वापरावेत, म्हणजे खराब झालेले बटण मिनिटभरात बदलता येते. 30 मिमीच्या जपानी पद्धतीच्या बटणांना 2.8 मिमी, तर अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचना बहुधा 4.8 मिमी रुंदीचा लग लागतो. ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्या बटणावर अशी माळेसारखी नेतात. या माळेचे शेवटचे टोकही परत एन्कोडरच्या ग्राउंडला आणून जोडावे. तसे केले की मधला एक लग निसटला तरी पुढची सगळी बटणे एकदम बंद पडत नाहीत, कारण त्यांना दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळत राहते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पॅनेल काढले की कॅबिनेटच्या पोटात हात जाईल एवढे भगदाड उघडे पडते. पॅनेलमध्ये फक्त 5 व्होल्ट असले, तरी आत 230 व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्क्रीनचा पुरवठा असतो. चौकटीच्या तळाला स्क्रूने आवळलेली बंद फळी बसवून तिच्यातून फक्त केबलपुरते छिद्र ठेवावे. घरात लहान मुले असोत वा नसोत, ही फळी बसवल्याशिवाय पॅनेल बदलण्याची सोय वापरू नये.

प्रश्न : पॅनेलसाठी एमडीएफ घ्यावा, प्लाय घ्यावा की घरी पडून असलेली सागाची फळी वापरावी? आमचा सुतार सागाचा आग्रह धरतो.
— एक वाचक, परभणी

उत्तर : सुताराचा आग्रह दारे-खिडक्यांसाठी योग्य आहे, बदलत्या पॅनेलसाठी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असतो आणि हवा कोरडी ठक्क; तीच फळी श्रावणात ओल धरून फुगते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो, तरी अखंड फळी रुंदीत थोडी हलतेच आणि तिला बाकही येऊ शकतो. कायम ठोकलेल्या फळीत ते खपून जाते. पण मे महिन्यात चौकटीत सैल बसणारे पॅनेल ऑगस्टमध्ये अडकून बसले, तर बदलण्याची सोय करून उपयोग काय? प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो फारसा हलत नाही. 18 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा, वर सनमायका लावावा, खालच्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावावे, कारण एकाच बाजूला लावल्यास पॅनेल वाकते. चौकटीत दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी फट सोडावी.

एमडीएफ गुळगुळीत कापला जातो, पण उन्हाळ्यात खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल, तर त्याच्या दमट हवेने एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. कोणतेही साहित्य घेतले तरी कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. त्या हवेने मायक्रोस्विचचे लगही लवकर गंजतात.

18 मिमी जाडीत दाबून अडकवायची बटणे नीट पकड घेत नाहीत. मागून आटे फिरवून बसवायची बटणे घ्यावीत. जॉयस्टिकच्या जागी खालून राऊटर या सुतारकामाच्या यंत्राने खोबण पाडून वर सुमारे 6 मिमी जाडी राखावी, नाहीतर दांडा पॅनेलच्या वर अगदी आखूड राहतो.

प्रश्न : माझ्या तिन्ही पॅनेलवर गेमपॅड पद्धतीचे स्वस्त यूएसबी एन्कोडर आहेत. दोन खेळाडूंच्या पॅनेलवर असे दोन एन्कोडर आहेत. कधी कधी मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर पहिल्या खेळाडूची जॉयस्टिक दुसऱ्याची होते. वायरिंग तर तेच आहे.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : दोष वायरिंगचा नाही. हे दोन्ही एन्कोडर संगणकाला एकाच नावाने आपली ओळख देतात, आणि सुरू होताना जो आधी सापडेल त्याला पहिला क्रमांक मिळतो. मेममध्ये कंट्रोलर फाइल लिहून विशिष्ट साधनाला विशिष्ट क्रमांक बांधून देता येतो, मात्र दोन्हींची ओळख तंतोतंत सारखी असल्यास त्यांना यूएसबी पोर्टच्या जागेवरून वेगळे ओळखावे लागते.

माझ्या दृष्टीने याहून सरळ मार्ग म्हणजे कीबोर्ड म्हणून ओळख देणारा एन्कोडर. मेम मुळातच कीबोर्डवर चालते : पहिल्या खेळाडूला बाणांच्या कळा, डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, डावा शिफ्ट, झेड व एक्स, दुसऱ्याला दिशांसाठी आर, एफ, डी, जी, कॉइनला 5 व 6, स्टार्टला 1 व 2. ‘कळ’ म्हणून येणाऱ्या संदेशाला क्रमांकाची गरज नसते, त्यामुळे पहिला-दुसरा हा घोळच उरत नाही. तिन्ही पॅनेलवर एकाच कामाला एकच कळ ठेवली, की पॅनेल बदलल्यावर मेममध्ये काहीही बदलावे लागत नाही. अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोसारखा, प्रोग्रॅम करता येणारा 32यू4 चिपचा छोटा सर्किट बोर्ड कीबोर्ड म्हणून काम करू शकतो. थोडेफार प्रोग्रॅमिंग येत असेल, तर त्यावरच हे होईल. प्रत्येक बटणाला बोर्डाची वेगळी पिन द्यावी. लिओनार्डोवर 20 पिना सहज मिळतात, प्रो मायक्रोवर त्याहून कमी. एका खेळाडूच्या 12 संदेशांना दोन्ही पुरतात.

प्रश्न : मी वाळूज एमआयडीसीत काम करतो. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेझर कटिंग होते. पत्र्याचे पॅनेल लाकडापेक्षा बरे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्याला ही सोय असल्यास जरूर पत्र्याचे करावे. 2 मिमी जाडीच्या पत्र्यात दाबून अडकवायची बटणे अचूक बसतात आणि जॉयस्टिकचा दांडा योग्य उंचीवर येतो. ड्रॉइंगमध्ये बटणांची छिद्रे 30 मिमी, स्टार्ट व कॉइनची 24 मिमी आणि शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांत 36 मिमी अंतर धरावे. पावडर कोटिंगची जाडी छिद्राच्या आतल्या कडेवरही चढते, म्हणून वर्कशॉपला ते आधीच सांगून छिद्रे किंचित सैल ठेवून घ्यावीत. चारही कडा खाली वळवून घ्याव्यात. त्याने पत्रा मधोमध दबत नाही आणि धार हाताला लागत नाही. सगळी पॅनेल एकाच ड्रॉइंगच्या बाह्य आकारावरून कापली जाणार असल्याने आपल्याला वेगळ्या फर्म्याची गरज पडणार नाही. फक्त पॅनेलच्या आत उघडी टोके असलेला एन्कोडर पत्र्यावर थेट न बसवता प्लॅस्टिकच्या उंचवट्यांवर बसवावा, आणि काढून ठेवलेले पॅनेल जॉयस्टिकवर भार येणार नाही अशा रीतीने खणात उभे ठेवावे.