१००चा प्लॅन, मग फाइल ११नेच का उतरते?

प्रश्न : आमच्या घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. परवा लॅपटॉपला केबल लावून एक मोठी फाइल उतरवून घेत होते, तर ब्राउझर ११.४ दाखवत होता. आतल्या खोलीत मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर ३८ आले. त्याच मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ७२ लिहिलेलं दिसतं. मुलगा म्हणतो, कंपनी सरळसरळ फसवतेय, तक्रार करू या. यातला खरा आकडा कोणता? घरच्या घरी वेग नीट कसा मोजायचा?

उत्तर : तक्रार लिहायला घेतली असेल तर जरा थांबा. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

११.४ आधी निकालात काढू. प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये, ब्राउझर दाखवतो मेगाबाइट, आणि एका बाइटचे बिट ८. गुणून पाहा, ९१ येतात. उरलेले ९ कुणी खाल्ले म्हणाल, तर डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत पत्ता, क्रमांक अशी थोडी नोंद जाते, तीही त्याच तारेतून. १००च्या तारेतून प्रत्यक्ष पदरात पडतात फार तर ९४-९५. तेव्हा ९१ म्हणजे लाइन उत्तम चालली आहे. तक्रारीचा विषय इथेच संपतो, खरं तर.

आता ते ७२. हा तुमचा मोबाइल आणि राउटर यांच्यामधला आकडा आहे, इंटरनेटचा त्याच्याशी काही संबंध नाही. खात्री करायची असेल तर राउटरला बाहेरून येणारी केबल काढा आणि मोबाइलमध्ये पुन्हा बघा. नेट बंद, ७२ जागच्या जागी! वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हा आकडा बरेचदा दिसतो. वाय-फायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यामुळे त्यातला साधारण निम्मा वेग हाती लागतो. तुमचे ३८ तिथून आले. त्यात या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर मोबाइल त्यावर जोडून बघा. भिंती मध्ये आल्या की हा पट्टा लवकर दमतो, पण राउटरच्या खोलीत फरक लगेच दिसेल.

मोजायचं असेल तर लॅपटॉप केबलनेच राउटरला जोडा आणि त्याचं वाय-फाय बंद करा. हे विसरलं की मोजमाप भलत्याच गोष्टीचं होतं. व्हीपीएन (डेटा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) असेल तर तोही बंद. घरातला टीव्ही, फोटोंचा बॅकअप घेत बसलेले मोबाइल, मागच्या मागे चाललेले अपडेट, सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवा. मग ऊकलाची स्पीडटेस्ट आणि नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम, दोन्ही चालवा. पहिली जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो बरेचदा तुमच्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. दुसरी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते. पहिलीत ९० आणि दुसरीत ३० असं वारंवार होत असेल, तर तुमची लाइन ठीक आहे, पाणी पुढे कुठेतरी मुरतंय. सकाळी एकदा आणि रात्री सगळे नेटवर असतात तेव्हा एकदा मोजा, आकडे वेळेसकट लिहून ठेवा. पुढे तक्रार करायचीच झाली तर ‘नेट स्लो आहे’ यापेक्षा तो कागद जास्त बोलतो. एवढंच बघा, की वेगवान लाइनवर एकेक टेस्ट शेकडो एमबी डेटा खाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हौसेने चालवत बसू नका.

जाता जाता, पुढेमागे २०० किंवा ३००चा प्लॅन घेतलात आणि केबल लावूनही आकडा सदानकदा ९४वरच अडकला, तर कंपनीला फोन करण्याआधी केबलचं टोक उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठ रंगीत तारा शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, त्याच्या वरच्या गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएस) आठही लागतात. स्वस्तातल्या केबलमध्ये कधी चारच असतात, कधी एखादी तार पिनेपर्यंत पोचलेलीच नसते, आणि मग दोन्ही बाजूंची यंत्रं मुकाट्याने १००वर उतरतात. केबल धड असेल तर राउटरचा पोर्टच १००चा आहे का ते बघा. ९४ ऐकला की मी आधी केबलच विचारतो.

प्रश्न : टेस्टमध्ये ९० येतात, तरी व्हिडिओ कॉल सारखा अडखळतो. असं का?

उत्तर : कॉलला वेग फार लागत नाही, चार-पाच एमबीपीएस पुष्कळ झाले. त्याला लागतो तो वेळेवर पोचणारा डेटा. फास्ट डॉट कॉमवर आकडा आल्यावर जास्त माहितीचं बटण दाबा. तिथे लेटन्सी, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, दोनदा दिसते, लाइन मोकळी असतानाची आणि भरलेली असतानाची. मोकळी असताना १५ मिलिसेकंद आणि भरल्यावर ३०० असेल, तर राउटरमध्ये डेटाची रांग तुंबते आहे आणि तुमचा आवाज त्या रांगेत उभा आहे. बहुतेक वेळा कुणाचा तरी मोबाइल त्याच वेळी फोटो, व्हिडिओ वर चढवत असतो. कॉलपुरता तो बॅकअप थांबवा. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची) सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. प्लॅन वाढवून हे दुखणं जाईलच असं नाही.