पब्लिक हायस्कूल चार्टर झालं की ते खासगी होतं का? मुलाला नववीला तिथंच घालावं का?

नाही, खासगी होत नाही. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण आपला कारभार स्वतः बघणारी पब्लिक शाळा. फी लागत नाही, प्रवेश परीक्षा नसते, आणि कॅलिफोर्नियात तुमचं घर शाळेच्या जुन्या हद्दीत असेल तर तुमच्या मुलाचा नंबर आधी लागतो. लॉटरी असते ती बाहेरच्यांसाठी, उरलेल्या जागांची. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ‘इथले देशी पालक म्हणतात शाळा विकली.’ मी उत्तर लिहायला बसले ते त्या वाक्यामुळे. हेच मला माझ्या वडिलांनी ऐकवलं होतं.

मी कॅलिफोर्नियातच एका पब्लिक हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवत होते. नाव घेत नाही. आमच्या लॅबमधला फ्यूम हूड, म्हणजे ॲसिडच्या वाफा बाहेर ओढणारं कपाट, बंद पडला. मी डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे आमच्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे, दुरुस्तीची वर्क ऑर्डर भरली. पुढच्या सत्रात परत भरली. काचेवर पिवळ्या कागदावर ‘वापरू नये’ असं लिहून चिकटवलं. खिडकीतल्या उन्हानं कागद पांढरा पडला, अक्षरं पुसट झाली, ती मी मार्करनं दोनदा गिरवली. तीन वर्षं गेली. तीन वर्षं माझी मुलं ते प्रयोग व्हिडिओवर बघत होती आणि जर्नलमध्ये निरीक्षणं लिहीत होती. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणं तपासताना मला लाज वाटायची.

मग चार्टरचा अर्ज फिरला. चालू शाळा चार्टर करायची तर तिथल्या किमान निम्म्या कायम शिक्षकांच्या सह्या लागतात. स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्हशेजारी क्लिपबोर्ड ठेवला होता. माझ्याबरोबर ११ वर्षं डबा खाल्लेली, इतिहास शिकवणारी मैत्रीण होती. तिनं तो वाचला आणि सही न करता माझ्याकडे सरकवला. मी दोन दिवस घेतले आणि सही केली. वर्ष संपल्यावर ती डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत निघून गेली.

सही केली त्या रविवारी नानांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. नाना सातारा जिल्ह्यात एका संस्थेच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले. ऐकून म्हणाले, “म्हणजे चालती सरकारी शाळा विकून मोकळे झालात.” मलाही राग आला. म्हटलं, “नाना, तुमची शाळा तरी कुठे सरकारची होती? इमारत संस्थेची, नेमणूक संस्थेची, पगार तेवढा सरकारचा. आम्ही दुसरं काय करतोय?” आणि हे खरंच आहे. १९१९ मध्ये कर्मवीरांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून आपल्याकडं खेड्यापाड्यातली पोरं संस्थांच्या शाळांमधूनच शिकली. अनुदानित शाळेला कुणी ‘विकलेली शाळा’ म्हणत नाही.

नाना म्हणाले, “संस्था जिथं शाळा नव्हती तिथं गेली. असलेली शाळा घेतली नाही तिनं.” आणि फोन आईकडं दिला.

मी आजही म्हणते की नानांचं चुकलं. विकली म्हणायला मालकी तर बदलायला हवी. आमची इमारत डिस्ट्रिक्टचीच राहिली. चार्टर म्हणजे सनद, ती पहिल्यांदा जास्तीत जास्त पाच वर्षांची, आणि काम नीट नसेल तर नूतनीकरण नाकारता येतं. बदललं ते एवढंच की पैसा कुठं खर्चायचा हे शाळेत ठरू लागलं. सप्टेंबरमध्ये आमच्या प्रिन्सिपलबाईंनी स्वतः फोन करून माणूस बोलावला आणि दोन आठवड्यांत हूड सुरू झाला. कागद मी स्वतः काढला. डिंकाचे चार डाग काचेवर राहिले, ते घासूनही गेले नाहीत.

चार्टर झालं म्हणून शाळा आपोआप सुधारते, हे मात्र खोटं आहे. लॉस एंजेलिसमधलं ग्रॅनाडा हिल्स २००३ मध्ये चार्टर झालं. २०११ पासून सलग तीन वर्षं त्यांनी अ‍ॅकॅडेमिक डेकॅथलॉनचं, म्हणजे हायस्कूलांच्या दहा प्रकारांच्या अभ्यासस्पर्धेचं, राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. लोक ते उदाहरण तोंडावर फेकतात, पण ती शाळा आधीही चांगलीच होती. त्याच शहरातलं लॉक हायस्कूल पार खचलेलं होतं. तिथल्या शिक्षकांनी २००७ मध्ये सह्या केल्या, २००८ मध्ये ते ग्रीन डॉट या संस्थेकडं गेलं, आणि तिथं वर्षानुवर्षं घाम गाळावा लागला. त्यामुळे तुमची शाळा आज कशी आहे ते आधी बघा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगते. शाळेला पैसा मिळतो तो मुलांच्या रोजच्या हजेरीवर. चार्टर झाल्यावर तो हिशेब शाळेच्या अगदी दाराशी येतो. माझ्या चौथ्या तासाला एक मुलगा होता. पहाटे वडिलांबरोबर कामावर जायचा, आठवड्यातून दोनदा दांडी, पण हुशार. जानेवारीत त्याच्या आईला बोलावून सांगितलं गेलं की याला घरून अभ्यासाचा कार्यक्रम जास्त मानवेल. तिनं सही केली. कुणी त्याला काढलं नाही, कागदोपत्री तो स्वतः गेला. मला कळलं तेव्हा त्याचा स्टूल रिकामा होता. असं जुन्या पद्धतीच्या शाळांतही घडतं हे मला माहीत आहे. पण या शाळेच्या अर्जावर माझी सही होती.

पुढं नाना इकडं आले तेव्हा मी त्यांना लॅब दाखवायला नेलं. हूड चालू करून त्यांच्या हातरुमालाचं टोक आत कसं ओढलं जातं ते दाखवलं. त्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, “नववीला पटावर किती होते? त्यातले बारावीला किती उरले?” मला आकडा सांगता आला नाही.

तर मुलाला तिथंच घाला, माझं मत स्वच्छ आहे. पण संचालक मंडळाच्या बैठकीला जा. २०१९ च्या कायद्यानं चार्टर शाळांच्या या बैठका खुल्या ठेवाव्याच लागतात आणि नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. लोकांना बोलायची वेळ येते तेव्हा उभं राहून नानांचा तो पटाचा प्रश्न विचारा. घर बदलून गेलेली मुलं वेगळी मोजायला सांगा. त्या बैठकीत उत्तर मिळणार नाही, पुढच्या बैठकीला परत विचारा.