अमेरिकेहून भाऊ शिकाऱ्यांचा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची दुर्बीण) आणतोय. पक्षी बघायला चालेल का? 60 मिमी भिंगाचा स्वस्तातला घ्यावा की तिप्पट किमतीचा 80 मिमी ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचा?

चालेल. समोरच्या डोंगरावरच्या एल्कची शिंगं न्याहाळायला तिथले शिकारी जो स्कोप वापरतात, तोच आपण खाडीवर लावतो. फक्त आत मापाच्या रेघा असलेला घेऊ नका, त्या सतत पक्ष्यावर येतात.

पण 60 चा घेऊ नका. मी घेतला होता. खोक्यावर ठळक '60एक्स', म्हणजे 60 पट वर्धन, असं होतं, त्याला भुलले.

डिसेंबरात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर होतो. भरती चढेल तसे चिखल्या आणि तुतारी पक्षी सरकत सरकत आमच्याकडे येत होते. एका चिखल्याच्या पायाला फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी लावलेली अक्षरांची छोटी पट्टी, दिसला. त्यावरची अक्षरं त्या अभ्यासकांना कळवली की पक्ष्याला कडी कुठे घातली ते समजतं, आणि यातले काही पक्षी तिबेटच्या पठाराकडून येतात! मी झूम 60 वर नेला. चित्र मोठं झालं आणि विझलंच. फ्लॅगच्या कडेला जांभळी झाक, अक्षरांचा लगदा, त्यात वाऱ्याने ट्रायपॉड थरथरत होता. हिशोब साधा आहे: भिंगाचा व्यास भागिले वर्धन. 60 भागिले 60, म्हणजे डोळ्यात जेमतेम 1 मिमीचा झोत शिरतो.

शेजारी आमच्या ग्रुपमधले एक काका 80 ईडी घेऊन 30 वर शांत उभे होते. "ये, बघ," म्हणाले. तिथे झोत जवळपास पावणेतीन मिमीचा. फ्लॅगवरची तिन्ही अक्षरं सुटी सुटी, पायाला चिकटलेले वाळूचे कणसुद्धा दिसले. मी वहीत अक्षरं लिहिली तेव्हा हात कापत होता.

आमचे भावोजीही सोबत होते, गळ्यात निकॉनचा पी1000 कॅमेरा. "वहिनी, 125 पट झूम आहे, स्कोप हवाय कशाला?" हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. त्या दिवशी त्यांनी चाळीसेक फोटो काढले. दहा वाजून गेले होते, वाळू तापून वरची हवा थरथरत होती, सगळ्या फोटोंत फ्लॅग पाण्यात बुडाल्यासारखा. हवा मधेच क्षणभर थांबते, तेव्हा डोळा वाचून घेतो. कॅमेऱ्याला तो क्षण नशिबानेच मिळतो. शिवाय तीनशे पक्ष्यांच्या थव्यात वेगळा एखादा शोधायचा तर तासभर डोळा लावून बसावं लागतं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यात तासभर बघून दाखवा, भावोजी!

तर 80 ईडी परवडत नसेल तर 65 ईडी घ्या, पण साधा 80 नको. ईडी काचेनेच ती जांभळी झाक आटोक्यात येते. नेत्रभिंग तिरपं असलेला घ्या, म्हणजे ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, कमी हलतो आणि मुलांनाही बघता येतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा नेत्रभिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर, 15 मिमीपेक्षा कमी नको. ट्रायपॉडवर काटकसर केलीत तर महागडी काचही फुकट.

एक मान्य करते, दुर्मीळ पक्ष्याची नोंद करायची तर पुराव्याला फोटो लागतो, आणि तिथे भावोजींचा कॅमेरा कामाला आलाय. आणि तुम्ही फक्त भिगवणला बोटीतूनच पक्षी बघणार असाल तर स्कोप घेऊच नका, हलत्या बोटीत तो निरुपयोगी. 8x42 ची (8 पट वर्धन, 42 मिमी भिंग) दुर्बीण पुरे.

भाऊ निघायच्या आत कुणाच्या तरी स्कोपमधून एक सकाळ बघून घ्या. 20 वर नको, 45 वर न्या, उन्हातला पांढरा बगळा धरा आणि त्याच्या मानेच्या कडेला जांभळी रेघ दिसते का ते बघा.