रमण राघवला फाशी का झाली नाही?

प्रश्न : आमचे वडील जावळी खोऱ्यातून गिरणीत कामाला गेले आणि परळला गावकीच्या खोलीत राहिले. १९६८ च्या पावसाळ्यात रात्रपाळीहून कोणी एकट्याने परतायचे नाही, असे त्या खोलीत ठरले होते. गावी आल्यावर ते रमण राघवची हकिगत सांगत आणि शेवटी एकच विचारत : ज्याने इतके खून स्वतःच्या तोंडाने कबूल केले, त्याला सरकारने सत्तावीस वर्षे का पोसले? वडील आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न तसाच राहिला आहे.
— एक वाचक, मेढा, जि. सातारा

उत्तर : आपल्या वडिलांच्या प्रश्नात राग आहे आणि तो रास्त आहे, कारण त्या माणसाने मारलेली माणसे बहुतेक फुटपाथवर, झोपडीत किंवा उघड्यावर निजणारी, पोटासाठी मुंबईत आलेली गरीब माणसे होती. त्यांना झोपेतच डोक्यात जड, बोथट हत्याराने घाव घालून मारले जाई. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत अशा १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांतील ९ जण दगावले. तेव्हाच रमण राघव पोलिसांच्या हाती लागला होता, परंतु पुरावा नसल्याने त्याला सोडावे लागले. १९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा तसेच खून होऊ लागले, तेव्हा गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला, आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी खिशात बाळगलेल्या छायाचित्रावरून त्याला डोंगरी भागात ओळखून ताब्यात घेतले. त्याचे कपडे रक्ताने डागाळलेले होते, आणि जुन्या नोंदींतील बोटांच्या ठशांशी त्याचे ठसे जुळल्यावर ओळखीविषयी शंका उरली नाही.

आता कबुलीविषयी. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट संबंधित असलेला कबुलीचा भाग पुरावा ठरतो. रमण राघवने पोलिसांना शहरभर फिरवून जागा दाखवल्या आणि लपवलेले हत्यार काढून दिले, ते याच कारणाने महत्त्वाचे ठरले. त्याच्या नावावर चाळीसहून अधिक खून सांगितले जातात, पण खटला चालला तो मालाड परिसरातील दोन खुनांचा. कबुलीचा आकडा आणि शाबित होऊ शकणारा आकडा यांतील हे अंतर वडिलांपर्यंत बहुधा कोणी पोहोचवले नसावे.

फाशीचा प्रश्न मात्र पुराव्यापाशी अडला नाही. त्याने मारले हे सिद्धच झाले. अडला तो त्याच्या मनाच्या अवस्थेपाशी. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार, कृत्य करताना बुद्धिभ्रंशामुळे ज्याला आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, कळत नव्हते, तो गुन्हेगार ठरत नाही. १९६९ साली सत्र न्यायालयात हा मुद्दा निघाला, तेव्हा पोलीस शल्यचिकित्सकाने जवळजवळ महिनाभर त्याला देखरेखीखाली ठेवून तो वेडा नसल्याचा अभिप्राय दिला. बचाव पक्षाने नायर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष काढली. त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असून, आपण मारतो आहोत हे कळत असले तरी ते चुकीचे आहे हे त्याला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपले लिंग बदलण्याचा लोकांचा डाव आहे आणि आपण स्वतःच एक ‘शक्ती’ आहोत, अशा भ्रमांत तो वावरत असे. न्यायाधीशांनी तरीही फाशी सुनावली, आणि रमण राघवने अपील करण्यास नकार दिला.

वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. आपल्याकडे सत्र न्यायालयाची फाशी आपोआप अंमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय कोणाला फासावर चढवता येत नाही. त्या टप्प्यावर तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले, आणि अनेक मुलाखतींनंतर त्यांनी त्याचा आजार बरा न होणारा ठरवला. अशा माणसाची फाशी कायम करण्याचे काम उच्च न्यायालयाने पुढे चालवावे की नाही, हा वाद १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. एप्रिल १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

म्हणून सरकारने त्याला पोसले, असे मला वाटत नाही. ज्याला आपण का मरतो आहोत हे समजणारच नाही, त्याला फासावर चढवणे मला पटत नाही, आणि त्याला मोकळे सोडणे तर कोणालाच पटणार नव्हते. माझा सल उलट १९६६ चा आहे, जेव्हा तो हाती लागूनही सुटला. त्या वेळी मेलेल्यांची वारस म्हणून दार ठोठावणारी माणसे शहरात जवळपास नव्हती.

प्रश्न : मग कोणीही खून करून वेड पांघरावे आणि सुटावे, असेच ना?
— एक वाचक, तासगाव, जि. सांगली

उत्तर : नाही. वेडेपणा शाबित करण्याचे ओझे आरोपीवर असते. न्यायालय केवळ डॉक्टरांचे मत पाहत नाही. घटनेच्या आधीचे, घटनेच्या वेळचे आणि लगेच नंतरचे वागणे पाहते. शस्त्र लपवणे, पळणे, रक्त धुणे, या गोष्टी त्याच्या विरोधात जातात. रमण राघवचे प्रकरण अवघड झाले त्याचे हेही एक कारण, कारण तो लपतही असे. हाच नियम आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. त्याखाली निर्दोष ठरलेला माणूसही सरळ घरी जात नाही. कृत्य त्याने केल्याचे निकालात नोंदवले जाते, आणि न्यायालय त्याला सुरक्षित कोठडीत ठेवते किंवा इजा होऊ न देण्याची हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात देते. कित्येकांच्या बाबतीत ही कोठडी शिक्षेहून लांब ठरते.