टाइप रेटिंगसाठी बाबांची एफडी मोडण्याआधी

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहितोय. तुझा प्रश्न असा: सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालंय, उड्डाणाचे २१० तास आहेत, मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही न दिसता केवळ उपकरणांवर उडवायची परवानगी) आहे, पण भारतात भरती निघाली की रांग मारुतीच्या शेपटासारखी. कॅनडाला जायचं मनात आहे. तर निघण्याआधी बाबांच्या व्हीआरएसच्या पैशांतून ए३२० चं टाइप रेटिंग (त्या एका जातीचं विमान उडवायची परवानगी) करावं, युरोपियन एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे) पेपर द्यावेत, की इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे उडवायला शिकवायची परवानगी, घ्यावं? आणि हे सगळं दिवाळीच्या आत ठरवायचंय. हाच प्रश्न ऐरोली-खारघरची मुलंही विचारतात, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून तर जास्तच. म्हणून जरा सविस्तर.

आधी माझं सांगतो. २०१६ मध्ये माझं सीपीएल झालं. वर्षभर घरी बसल्यावर एका परदेशी ट्रेनिंग सेंटरच्या माणसाने सांगितलं की ए३२० चं रेटिंग असेल तर एअरलाइन दारात उभं करते, नसेल तर अर्जही उघडत नाही. नौपाड्यातल्या बँकेत बाबा एफडी मोडायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, मुदत भरायला चारच महिने उरलेत, व्याज जाईल, थांबता का?" बाबा म्हणाले, "मुलाची बॅच थांबणार नाही." पावती सहीसाठी पुढे सरकवताना त्यांनी ती एकदा उलटी करून पाहिली. मला ते अजून दिसतं.

कोर्स वाईट नव्हता. सिम्युलेटरचा रात्री दोनचा स्लॉट मिळायचा, स्वस्त म्हणून, आणि त्या अंधारात एक इंजिन बंद पडलेलं ए३२० सरळ कसं ठेवायचं ते मी मनापासून शिकलो. पण परत आल्यावर जाहिराती उघडल्या तर "रेटिंग असलेले फर्स्ट ऑफिसर हवेत" (म्हणजे उजव्या सीटवरचे सहवैमानिक) याच्या खाली ओळ असायची: या विमानावर किमान ५०० तास. माझे होते ते सगळे छोट्या सेसना विमानाचे. बारा महिन्यांनी रेटिंगची मुदत संपली. नूतनीकरणाला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षक, पुन्हा पैसे. मी ते केलं नाही.

मला तेव्हा कळायला हवं होतं ते हे. टाइप रेटिंग म्हणजे तास नव्हेत. २०० तासांच्या मुलाने रेटिंग घेतलं तरी तो २०० तासांचाच राहतो, आणि एअरलाइन त्याला स्वतःच्या पद्धतीने नव्याने शिकवतेच. त्यात बाजाराचं दुसरं अंग बघ. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळेला हजारो तासांचे, चालू रेटिंगचे पायलट एका झटक्यात नोकरी शोधायला लागले. कोरं रेटिंग घेऊन आपण त्यांच्या मागे उभे राहतो.

भारतातल्या काही भरतींमध्ये निवड झाल्यावर रेटिंगचे पैसे उमेदवारच भरतो. ते वेगळं. पैसे तुझेच जातात, पण पलीकडे तुझ्या नावाची जागा असते. हातात पत्र नसताना रेटिंग करणं म्हणजे बाजारात तुरी. आणि कुणी "पैसे भर, उजव्या सीटवर बसवून ५०० तास देतो" असं म्हणालं, तर फोन ठेव. पगार घेऊन करायचं काम आहे ते.

युरोपियन एटीपीएलबद्दल थोडक्यात. तेरा पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, आणि पास झाल्यावर ३६ महिन्यांच्या आत तिथलं सीपीएल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग पूर्ण करावं लागतं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनचं लायसन्स वेगळं आणि युरोपचं वेगळं, म्हणजे तेरा पेपर देऊनही एकच दार उघडतं. तुझ्याकडे तिथे काम करायचा हक्क नाही, तो मिळायचा मार्गही आत्ता दिसत नाही. अभ्यास उत्तम आहे, मी त्याची पुस्तकं वाचली आहेत. पण कॅनडाला जायचं असेल तर ते पैसे तिथे घालू नकोस. एमसीसी (दोन पायलटांनी मिळून विमान चालवायचं शिक्षण) आणि अपसेट रिकव्हरी (बेताल झालेलं विमान सावरणं) यांचे कोर्सही तसेच: युरोपात पहिल्या रेटिंगआधी लागतात, पण काही दिवसांचेच असतात. गरज पडेल तेव्हा कर.

अमेरिकेचं विचारलं नाहीस, तरी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे सगळं चित्र कळतं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअर या कंपनीचं प्रवासी विमान पडलं. त्यानंतर कायदा आला आणि २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १,५०० तास लागतात, काही पदवीधरांना थोडी सूट आहे. तिथला प्रत्येक नवा पायलट मग एकाच प्रश्नाला भिडतो: २०० पासून १,५०० पर्यंत जायचं कसं? कॅनडात असा सरसकट नियम नाही, पण भरतीला उभं राहिल्यावर प्रश्न तोच पडतो.

आता इन्स्ट्रक्टर रेटिंग. तुझ्या यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे की खर्च केलेला पैसा परत येतो आणि तासही देतो. कॅनडात त्यासाठी किमान ३० तासांचं उड्डाण-प्रशिक्षण आणि २५ तासांचं जमिनीवरचं. मग क्लास फोर इन्स्ट्रक्टर होतेस, वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतेस, विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला (एकट्याने उडायला) पाठवायचं तर त्यांची संमती घ्यावी लागते.

नंतर मी कॅनडाला आलो आणि दोन हिवाळे तिथल्या अल्बर्टा प्रांतात शिकवलं. उणे पंचवीसमध्ये सकाळी सहाला सेसना १७२ च्या नाकात हीटरचा पाइप खुपसायचा, इंजिनवर गोधडीसारखं कव्हर टाकायचं आणि तासभर थांबायचं. पंखांवरचं गोठलेलं दंव हाताने, ब्रशने, शेवटच्या इंचापर्यंत काढायचं, कारण तेवढ्या खरखरीनेही पंखाची उचल कमी होते. विद्यार्थ्याला मी बोट फिरवून पंख तपासायला लावायचो. उतरताना तो दहा फुटांवर योक (विमानाचं स्टिअरिंग) खेचायला लागला की माझा हात मांडीवरून अर्धा इंच उचलायचा आणि तिथेच थांबायचा. विमान आपल्या हातात घ्यायचं की नाही, हे एका सेकंदात ठरवायचं. कॅप्टन होण्यासाठी जे लागतं ते मला तिथे मिळालं. मधे कोविडने काही महिने गेले, तरी २०२२ ला माझे १,३०० तास झाले होते.

मग एका छोट्या एअरलाइनने मला डॅश-८ या पंख्यांच्या प्रवासी विमानावर घेतलं. तिचं टाइप ट्रेनिंग कंपनीच्या खर्चाने झालं, दोन वर्षांच्या बाँडवर. मी पदरचे भरले ते आयएट्राचे: दोन पायलटांच्या विमानाचं पहिलं रेटिंग घेण्याआधी सीपीएलवाल्याला द्यावी लागणारी लेखी परीक्षा. घरी बसून अभ्यास केला, फीही फार नाही. मुलाखतीत त्यांनी विचारलं ते असं: एकूण तास किती, मल्टि-इंजिन किती, खराब हवेत शेवटचा निर्णय कोणता घेतलास, आणि काम करायचं परमिट कधीपर्यंत आहे. ए३२० चा कागद त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला.

परमिट. तुझ्या पूर्ण मेसेजमध्ये हा शब्द नाही, आणि घोडं तिथेच अडतं. मला ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी) मिळालं कारण माझी बायको कॅनडात मास्टर्सला आली होती. तो नियम आता आवळलाय. जानेवारी २०२५ पासून मास्टर्स असेल तर कोर्स निदान १६ महिन्यांचा हवा, तरच जोडीदाराला परमिट. मी पन्नास रेटिंगं घेतली असती तरी त्या एका कागदाशिवाय फ्लाइंग स्कूलने मला कामावर ठेवलं नसतं. तुला स्वतःच्या बळावर यायचं असेल तर एक्सप्रेस एन्ट्रीचे (कॅनडात कायमचं राहायला अर्ज करायच्या पद्धतीचे) गुण मोज: वय, भाषा, शिक्षण, कामाचा अनुभव. सीपीएल म्हणजे पदवी नव्हे. बांदोडकरची बीएस्सी तू दुसऱ्या वर्षाला सोडलीस ना? ती पुरी कर. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलीस तरी चालेल, फक्त इथे येण्याआधी तिचं मूल्यांकन करून घे. बाबांना त्यांच्या पुंजीतून काही खर्चायचंच असेल, तर पहिला हक्क त्या पदवीचा.

त्यानंतर मेडिकल. लायसन्स बदलून घ्यायचं तर कॅनडाचं कॅटेगरी वन मेडिकल लागतं, आणि ते अडलं तर पुढचं सगळंच अडतं. मग डीजीसीएकडून (भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडून) लायसन्सची पडताळणी, कॅनडाची सीपीएलची लेखी परीक्षा, फ्लाइट टेस्ट, आणि मग इन्स्ट्रक्टर. तोवर ठाण्यात नुसती बसू नकोस. तुझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग बारा महिन्यांनी संपतं, ते चालू ठेव. त्याला पैसे लागतात, पण ए३२० च्या मानाने चिल्लर, आणि भारतात अचानक भरती निघाली तरी उपयोगी पडतं. भारतातली भरती आली आणि निवड झाली तर कॅनडा सोडून दे, मी वाईट वाटून घेणार नाही.

लॉगबुकची शेवटची चार पानं आणि मेडिकलच्या कागदाचा फोटो पाठव. बीएस्सीच्या मार्कशीट सापडल्या तर त्याही. रविवारी तुमची रात्रीची जेवणं झाली की फोन करतो, माझी तेव्हा सकाळ असते. बाबांनाही शेजारी बसव, आणि तोपर्यंत त्यांना बँकेत जाऊ देऊ नकोस.